तारपा आणि विद्युत्-वाद्ये : स्वरावरील शरीराच्या ताब्याचा इतिहास (पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

वाद्यांच्या इतिहासात वाद्याचा आकार, त्याची घडण आणि त्याचा नाद यांची चर्चा पुष्कळ होते. तो नाद वादकाच्या शरीराच्या कोणत्या हालचालीतून निर्माण होतो आणि कोणत्या हालचालीने बदलतो, हा प्रश्न मात्र बहुधा दुय्यम मानला जातो. परंपरागत वाद्यांच्या बाबतीत असे होणे स्वाभाविक आहे. तेथे हालचाल आणि नाद वेगळे काढताच येत नाहीत. सतारीची तार ओढली की स्वर चढतो आणि बासरीत फुंक वाढली की स्वर उजळतो. हा दुवा निसर्गनियमाने बांधलेला असतो. तो कोणी ठरवावा लागत नाही.

विसाव्या शतकात विजेवर चालणारी वाद्ये आली आणि हा दुवा तुटला. नाद विद्युत्-मंडलात तयार होऊ लागला. वादकाच्या हाताने त्याचे काय करावे, हे वाद्य घडविणाऱ्याला ठरवावे लागले. हाताची जागा, बोटाचा दाब, फुंकेचा जोर अशा हालचाली मोजून त्या विद्युत्-नादाला लागू करणाऱ्या साधनास प्रस्तुत निबंधात 'चलननियंत्रक' असे म्हटले आहे. कळपट्टीशेजारचे छोटे चाक हाही चलननियंत्रक आहे आणि हवेत हात हलवून वाजविण्याचे यंत्र हाही.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. या जिल्ह्यात एकीकडे तारापूरचे अणुविद्युत् केंद्र आणि बोईसरची औद्योगिक वसाहत आहे, तर दुसरीकडे जव्हार, विक्रमगड, डहाणू, तलासरी या तालुक्यांतील वारली व इतर आदिवासी समाजांचे तारपा हे वाद्य आहे. आज याच परिसरातील लग्नमंडपांत कीबोर्डवर तारप्यासारखा आवाज काढला जातो. त्या आवाजात तारप्याचे नेमके काय टिकले आणि काय गळून पडले, हे समजण्यासाठी चलननियंत्रकांचा शंभर वर्षांचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते. तो इतिहास तारप्यापासून आरंभ करून हार्मोनियम, थेरेमिन, क्लॅव्हिओलिन, सिंथेसायझर आणि मिडी या क्रमाने येथे मांडला आहे.

१. तारपा : श्वास, बोटे आणि पावले

वाळलेल्या भोपळ्याचा हवेचा कोठा, त्यात शेजारी शेजारी बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत कंप पावणाऱ्या जिभा आणि पुढच्या टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा अशी तारप्याची सर्वसाधारण रचना आहे. सांधे मेणाने बुजविलेले असतात. वाद्याची लांबी काही फुटांपासून माणसाच्या उंचीपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक असते. नळ्यांवरील छिद्रे बोटांनी उघडझाप करून सूर बदलले जातात.

या वाद्याचे मर्म त्याच्या श्वासात आहे. वादक गालांत हवा साठवून ती भोपळ्यात सोडत असतानाच नाकाने नवा श्वास घेतो, त्यामुळे नाद खंडित होत नाही. एकदा तारपा सुरू झाला की बराच काळ तो एका अखंड प्रवाहासारखा वाहतो. एक सूर संपला आणि दुसरा सुरू झाला असे तेथे घडत नाही. वाहत्या नादात फक्त बोटे बदलतात.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तारपकरी स्थिर बसून वाजवीत नाही. तो चालतो, वळतो, झुलतो. नाचणारे स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फेर धरतात आणि शक्यतो तारप्याकडे पाठ करीत नाहीत. वादक वळला की फेर वळतो. वेगवेगळ्या चालींना 'चाळे' म्हणतात. मोराचा चाळा, राणोडी चाळा ही त्यांतील काही नावे होत. चाळा बदलला की पावलेही बदलतात. पावले मंदावली तर वादकाच्या ते लक्षात येते आणि तोही आपली फुंक त्याप्रमाणे सांभाळतो. म्हणजे येथे हालचालीतून नाद व नादातून हालचाल असे आवर्तन पूर्ण होते. भात पिकण्याच्या दिवसांपासून दिवाळीच्या सुमारापर्यंत हा नाच गावोगावी चाले.

वारली चित्रांत हे आवर्तन नेमके टिपले गेले आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (निधन २०१८, पद्मश्री २०११) यांच्यासह अनेक चित्रकारांनी रेखाटलेला तारपानाचाचा फेर जगभर पोहोचला. त्या चित्रात मध्यभागी वादक असतो आणि फेर त्याच्याभोवती गुंडाळत जातो. नादाचे केंद्र शरीर आहे, ही गोष्ट त्या रेषांतून कोणत्याही ग्रंथापेक्षा स्पष्टपणे सांगितली गेली आहे.

२. डावा हात : हार्मोनियमचा वाद

विद्युत्-वाद्यांपूर्वीच महाराष्ट्रात एका परकीय वाद्याने शरीर आणि स्वर यांच्या नात्याविषयी मोठा वाद उभा केला होता. ते वाद्य हार्मोनियम. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकाच्या आरंभी त्यास रूप दिले. युरोपात त्याचा भाता पायांनी चालविला जाई आणि दोन्ही हात कळपट्टीवर असत. भारतात बैठक जमिनीवरची असल्याने भाता मागे आला आणि डाव्या हाताकडे गेला. हाताने चालवावयाची हार्मोनियम १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी प्रचारात आणली, असे मानले जाते.

या बदलाचा अर्थ केवळ सोयीपुरता नव्हता. उजवा हात सूर निवडतो आणि डावा हात त्या सुरात प्राण भरतो, अशी विभागणी झाली. मराठी संगीत रंगभूमीवर गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या वादकांनी या डाव्या हाताची कला किती सूक्ष्म होऊ शकते, हे दाखवून दिले. तरीही एक उणीव उरली. दोन पट्ट्यांमधील जागेत हार्मोनियमला जाता येत नाही आणि म्हणून मींड घेता येत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्रुती-हार्मोनियमचा पुरस्कार केला. १९१६ च्या बडोदा संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली. परंतु गायकांचे समाधान झाले नाही. पुढे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवून हा शोध एकविसाव्या शतकात आणला.

आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून हार्मोनियमला बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये अंशतः उठविली. या बंदीमागे राष्ट्रीय अस्मिता, वसाहतवादी अभिरुची, श्रुतींविषयीचे आग्रह अशी अनेक कारणे होती. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील एकच मुद्दा महत्त्वाचा आहे. आक्षेप हार्मोनियमच्या आवाजापेक्षा तिच्या ताब्यावर होता. कळ दाबणे ही 'आहे' किंवा 'नाही' अशा स्वरूपाची क्रिया असून गायकाचा गळा तसा चालत नाही, हे आक्षेपकांचे खरे म्हणणे होते. पुढील काळात प्रत्येक विद्युत्-वाद्याला याच प्रश्नाला सामोरे जावे लागले.

३. हवेतील हात आणि अंगठीची दोरी

कळपट्टी टाळून विद्युत्-नाद वाजविण्याचा पहिला मोठा प्रयत्न रशियन अभियंते लेव्ह थेरेमिन यांनी १९२० मध्ये केला. त्यांच्या यंत्राला वादक स्पर्शच करीत नाही. एका उभ्या दांड्याजवळ उजवा हात नेला की स्वर चढतो. दुसऱ्या आडव्या कड्याजवळ डावा हात नेला की आवाज क्षीण होतो. हाताच्या सान्निध्याने विद्युत्-मंडलाची धारिता बदलते आणि तोच बदल कानांना स्वर म्हणून ऐकू येतो. मींड या वाद्याचा मूळ स्वभावच आहे. त्यावर स्थिर स्वर लावणे हेच खरे कष्टाचे काम. हाताला टेकायला काहीच नसल्याने फार थोड्या वादकांना ते साध्य झाले.

फ्रान्सच्या मॉरिस मार्तेनो यांनी १९२८ मध्ये पॅरिसमध्ये सादर केलेल्या वाद्याने मधला मार्ग काढला. उजव्या हाताच्या बोटातील अंगठी एका दोरीला जोडलेली असून ती कळपट्टीच्या चित्रासमोरून सरकविता येई. त्यामुळे स्वराची जागा डोळ्यांना दिसे आणि घसरणही साधे. डाव्या हाताखाली एक दाबकळ होती. ती जितकी दाबावी तितका नाद फुले.

थेरेमिन, मार्तेनो आणि भारतीय हार्मोनियम यांत कार्यविभागणीचे एक विलक्षण साम्य आढळते. तिन्हींत उजवा हात स्वर ठरवितो आणि डावा हात नादाचा जोर सांभाळतो. यापैकी कोणी कोणाचे अनुकरण केले, असे मानण्याचे कारण नाही. स्वर कोणता आणि तो कसा, हे दोन प्रश्न वादकाच्या शरीरात दोन ठिकाणी सोडविले जातात, एवढे मात्र त्यावरून दिसते. तारप्यात पहिला प्रश्न बोटांकडे आणि दुसरा श्वासाकडे असतो.

४. गुडघा आणि बीन : मुंबईतील क्लॅव्हिओलिन

विद्युत्-वाद्याचा नाद भारतीय जनमानसात प्रथम खोलवर रुजला तो १९५४ च्या 'नागिन' या चित्रपटामुळे. संगीत हेमंतकुमारांचे होते आणि गाजलेली बीन खऱ्या पुंगीवर वाजविलेली नव्हती. ती कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लॅव्हिओलिन या वाद्यावर वाजविली होती. फ्रेंच अभियंते कॉन्स्तां मार्तँ यांनी १९४७ मध्ये तयार केलेले हे तीन सप्तकांचे छोटे वाद्य होते. त्यावर एका वेळी एकच स्वर वाजे. नादाची जात आणि कंप बदलण्यासाठी खटके होते आणि आवाजाचा चढउतार गुडघ्याने ढकलावयाच्या दांडीवर अवलंबून असे. येथे भात्याचे काम गुडघ्याकडे गेले.

पुंगी आणि तारपा ही एकाच कुळातील वाद्ये आहेत. दोहोंत भोपळा, जोडनळ्या, कंप पावणारी जीभ आणि न तुटणारा श्वास आहे. म्हणूनच क्लॅव्हिओलिनच्या बिनेचे उदाहरण येथे महत्त्वाचे ठरते. भोपळ्याच्या वाद्याचा भास विद्युत्-मंडलातून निर्माण होऊ शकतो, हे त्या ध्वनिमुद्रणाने सिद्ध केले. ते घडले केवळ नादाच्या साम्यामुळे नव्हे. एकस्वरी वाद्य, सतत वाहणारा नाद, जलद कणस्वर आणि आवाजाचा लवचीक चढउतार यांतून पुंगीवाल्याच्या शरीराची लय कळपट्टीवर उतरली. पुढे हीच धून बँडपथकांतून आणि बेंजो पथकांतून वरातींत वाजू लागली आणि पालघरच्या गावांतही 'नागिन नाच' लग्नाचा भाग बनला.

बेंजोचाही येथे उल्लेख आवश्यक आहे. जपानमधील ताइशोगोतो (१९१२) या वाद्यापासून आलेले बुलबुलतरंग मुंबई, कोकण आणि उत्तर किनारपट्टीवर 'बेंजो' या नावाने रुळले. टंकलेखन यंत्रासारख्या कळा डाव्या हाताने दाबायच्या आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या, अशी त्याची पद्धत आहे. तारांखाली विद्युत्-ग्राहक बसवून ते ध्वनिवर्धकाला जोडले की एकच वादक संपूर्ण मिरवणुकीला पुरतो. वीज आणि कर्णे गावात पोहोचल्यानंतर नादाचा आवाका वादकाच्या छातीच्या बळावर अवलंबून राहिला नाही, हा सामाजिकदृष्ट्या मोठा बदल होता.

५. १९६९ नंतर : वीज, सिंथेसायझर आणि छोटे चाक

तारापूरच्या अणुविद्युत् केंद्राचे व्यावसायिक उत्पादन २८ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी, याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर पुढे असलेल्या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर उभारला गेला. गीता साराभाई, जिनराज जोशीपुरा, अतुल देसाई आदींनी त्यावर केलेले प्रयोग पुढे कित्येक दशके विस्मृतीत गेले. त्यांचा निवडक संग्रह २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या दोन घटनांत कार्यकारण नाही, केवळ योगायोग आहे. परंतु नव्या विजेचे आणि नव्या नादाचे हे समकालीनत्व त्या काळाची दिशा दाखविते.

१९७० मध्ये आलेल्या मिनीमूग या सुटसुटीत वाद्याने कळपट्टीच्या डाव्या बाजूला दोन चाके बसविली. एकाने स्वर खालीवर वळविता येई आणि दुसऱ्याने कंप वाढविता येई. हार्मोनियमवादकाच्या दृष्टीने पाहिल्यास भाता गेला आणि त्या जागी चाक आले. डाव्या हाताला पुन्हा काम मिळाले. आणि जी मींड हार्मोनियमवर अशक्य होती, ती नेमकी याच हाताने शक्य झाली. अभिजित पोहनकर यांच्यासारख्या वादकांनी पुढे कीबोर्डवर रागसंगीत मांडले, ते या नियंत्रणाच्या आधारेच. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या तीन यंत्रांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. त्यांपैकी टीबी-३०३ या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आधीच लिहून ठेवता येत असे. येथे मींड आहे, पण ती वाजवीत असताना हाताने घेतलेली नाही.

बंगळूरमध्ये १९७९ च्या सुमारास तयार झालेला रॅडेलचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा हे दुसरे टोक होय. त्यात वादकाची हालचाल जवळजवळ नाहीच. तानपुऱ्याचे काम अविचल आधार देण्याचे असल्याने ही उणीव फारशी जाणवली नाही. कोणत्या वाद्यात शरीर किती आवश्यक आहे, हे अशा प्रकारे त्या वाद्याच्या कार्यावर ठरते. तारप्याचे कार्य नाचविण्याचे आहे, हे येथे लक्षात ठेवावे लागेल.

६. मिडी : आरंभ आणि अंत यांची भाषा

१९८३ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये परस्परांशी जोडता यावीत म्हणून मिडी ही सामाईक संकेतपद्धती प्रचारात आली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी हे तिचे प्रमुख शिल्पकार. तिचे उपकार मोठे आहेत. घरगुती संगीतनिर्मिती, स्वस्त कीबोर्ड, संगणकावरील स्वररचना हे सारे तिच्यामुळे शक्य झाले. पण प्रत्येक भाषेत काही गोष्टी सहज सांगता येतात आणि काही कष्टाने सांगाव्या लागतात. मिडीही त्याला अपवाद नाही.

मिडीचे मूळ वाक्य 'कळ दाबली, कळ सोडली' हे आहे. कळ किती वेगाने दाबली हे १२७ पर्यंतच्या आकड्यात सांगितले जाते. त्यानंतर स्वराचे काय होते हे वेगळ्या संकेतांनी कळवावे लागते. फुंकेसाठी क्रमांक दोनचा नियंत्रक राखून ठेवलेला आहे आणि त्याच्या १२८ पायऱ्या असतात. स्वर वळविण्यासाठी १६,३८४ पायऱ्या आहेत. मात्र तो संकेत एका वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदम लागू होतो. एकच स्वर वळवून दुसरा स्थिर ठेवणे मूळ मिडीत सरळपणे साधत नाही. ही भाषा पियानोला सोयीची आहे, कारण पियानोचा स्वर दाबल्या क्षणी जवळजवळ निश्चित होतो. तारप्याला आरंभ आणि अंत यांची भाषा परकी आहे. तेथे स्वर सुरू होत नाही, तो वाहत्या नादातून वळण घेतो.

१९९१ च्या सर्वसाधारण मिडी मानकात १२८ वाद्यांची यादी निश्चित झाली. तीत सतार आहे, सनई आहे, स्कॉटलंडचे बॅगपाइपही आहे, तारपा नाही. त्यात दोष देण्यासारखे काही नाही, कारण कोणत्याही यादीला मर्यादा असतेच. परंतु परिणाम असा झाला की, तारप्याचा भास निर्माण करू पाहणाऱ्या वादकाला सनईसारख्या शेजारच्या आवाजातून काम भागवावे लागले. पुढे प्रत्यक्ष तारप्याचे ध्वनिमुद्रित नमुने संगणकात व कीबोर्डमध्ये घालणे सोपे झाले. नाद जवळजवळ तंतोतंत मिळाला. पण तो नाद कळ दाबल्यावर उमटतो आणि सोडल्यावर थांबतो.

बोलीत कोणत्याही कीबोर्डला 'कॅसिओ' म्हणण्याची पद्धत आहे. लग्नातील या कॅसिओवर तारप्याच्या चाळ्यांशी मिळतीजुळती धून वाजते, तालयंत्र ठेका धरते आणि कर्ण्यांच्या भिंतीतून आवाज मंडपभर पसरतो. लोक आनंदाने नाचतात. या आनंदाला कमी लेखण्याचे कारण नाही. बदल एवढाच की ठेका आता यंत्राने ठरविलेला असतो. पावले मंदावली तरी तो मंदावत नाही. वादक एका कोपऱ्यात असतो आणि फेराला मध्य उरत नाही.

७. उलट दिशेचा प्रवास : शरीराचा शोध

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला नेमका उलटा शोध चालू होता. फुंकेने वाजणारे विद्युत्-वाद्य लिरिकॉन १९७० च्या दशकात आले. नाइल स्टाइनर यांच्या कल्पनेवर आधारलेले अकाई कंपनीचे फुंकवाद्य १९८७ मध्ये बाजारात आले. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये मिशेल वाइसविझ यांनी १९८४ मध्ये दोन्ही हातांवर चढवावयाचे नियंत्रक तयार केले. हात जवळ आणले, दूर नेले, तिरके केले की नाद बदले. २००१ पासून संगीताभिव्यक्तीच्या नव्या साधनांवर आंतरराष्ट्रीय विद्वत्परिषदाच भरू लागल्या. अजय कपूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये इलेक्ट्रॉनिक तबला आणि २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक सतार तेथे सादर केली. सतारीच्या पडद्यांवरील बोटांची जागा आणि मिझराबाचा आघात मोजून ते संगणकाला कळविणे, हे त्यातील सूत्र होते.

लिपोल्ड हाकेन यांच्या कंटिन्युअम या वाद्याने कळा काढून टाकल्या आणि एकसंध मऊ पृष्ठभाग ठेवला. बोट आडवे सरकले की स्वर सरकतो, दाब वाढला की नाद फुलतो. ए. आर. रहमान यांनी 'दिल्ली-६' (२००९) मधील 'रेहना तू' या गीतात त्याचा वापर केला आणि भारतीय श्रोत्यांना विद्युत्-मींडीचा परिचय झाला. अखेर २०१८ मध्ये मिडीला बहुपरिमाणी अभिव्यक्तीची जोड मिळाली. प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाहिनी देऊन त्याचा दाब, वळण आणि घसरण वेगळी कळविण्याची सोय प्रमाणित झाली. १९१६ मध्ये बडोद्यात ज्या प्रश्नावर विद्वान अडले होते, त्याचे तांत्रिक उत्तर शतकानंतर हाती आले.

या शोधाची दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. पुढारलेल्या प्रयोगशाळा ज्याचा शोध घेत आहेत ते म्हणजे न तुटणारी फुंक, चालणाऱ्या शरीराने घडणारा नाद आणि नाचणाऱ्यांना उत्तर देणारा वादक. जव्हारच्या डोंगरात हे सारे भोपळा, बांबू, मेण आणि ताडपान यांतून पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध झालेले आहे.

८. जतन कशाचे ?

जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते. चित्रामागोमाग वाद्यालाही राष्ट्रीय मान्यता मिळाली, ही समाधानाची बाब आहे. तथापि, चित्राचे मानांकन नादाला लागू होत नाही. एखाद्या वादकाची फुंक एकदा नमुन्यात साठविली गेली की ती कोणीही, कोठेही, त्या वादकाचे नाव न घेता वाजवू शकतो.

जतनाच्या विचारातही याच कारणाने फरक करावा लागेल. ध्वनिमुद्रण केले म्हणजे तारपा जतन झाला, असे समजणे चुकीचे ठरेल. भोपळ्यातील हवेचा दाब क्षणोक्षणी कसा बदलतो, नवा श्वास घेताना नादात कोणती सूक्ष्म लाट येते, चाळा बदलण्यापूर्वी वादकाचे शरीर कसे वळते आणि फेरातील पावले त्याला कसे उत्तर देतात, याची नोंद व्हावयास हवी. चलननियंत्रकांच्या तंत्राचा येथे खरा उपयोग आहे. दाबमापक, हालचालमापक आणि चित्रीकरण एकत्र आणून वादकाच्या संमतीने व त्याच्या नावाने अशी नोंद करणे आज फार खर्चाचे राहिलेले नाही. पालघर, बोईसर, जव्हार येथील महाविद्यालयांत विज्ञान शाखा आणि मराठी, इतिहास हे विषय एकाच छताखाली शिकविले जातात तेथे असे काम सहज हाती घेता येईल. घरी तारपा ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्यांनी त्यात पुढाकार घेतल्यास नोंदणारा आणि नोंदला जाणारा यांतील अंतरही कमी होईल.

समारोप

हार्मोनियमच्या भात्यापासून बहुपरिमाणी मिडीपर्यंतचा हा इतिहास पाहता एक निष्कर्ष निघतो. विद्युत्-वाद्यांनी नाद मिळविण्याचा प्रश्न लवकर सोडविला. त्या नादावर शरीराचा ताबा मिळविण्याचा प्रश्न त्यांना शतकभर पुरला. थेरेमिनचा हवेतील हात, मार्तेनोची अंगठी, क्लॅव्हिओलिनची गुडघ्याची दांडी आणि मिनीमूगचे चाक ही त्या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत. ज्या उत्तरांत शरीराला पुरेशी जागा मिळाली, त्यांतून संगीत घडले. जेथे ती मिळाली नाही, तेथे केवळ आवाज उरला.

पालघरच्या मंडपातील कीबोर्डवर तारप्याचा आवाज आहे, परंतु त्याचा श्वास नाही. तो श्वास नव्या यंत्रांना देता येईल की नाही, हा तंत्राचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आज ना उद्या मिळेल. तो श्वास घेणारी माणसे, त्यांच्याभोवती धरला जाणारा फेर आणि त्या फेराला लागणारे अंगण टिकेल की नाही, हा समाजाचा प्रश्न आहे. तो सुटला नाही, तर उद्याच्या उत्तमातील उत्तम नियंत्रकाला शिकण्यासाठी समोर कोणी तारपकरी उरणार नाही.